वंदे भारत अभियान

हा लेख कोविड-१९ महासाथीच्या काळात परदेशांतील भारतीयांना मायदेशी आणण्यासाठी राबवलेल्या मोहिमेविषयी आहे. याच नावाच्या रेल्वेगाडीसाठी 'वंदे भारत एक्सप्रेस' हा लेख पाहावा.

वंदे भारत अभियान (शासकीय नाव 'वंदे भारत मिशन') ही कोविड-१९ महासाथीमुळे परदेशांत अडकून पडलेल्या भारतीय नागरिकांना परत आणण्यासाठी भारत सरकारने ७ मे २०२० पासून टप्प्याटप्प्याने राबवलेली मोहीम होय. परराष्ट्र मंत्रालय, गृह मंत्रालय, नागरी विमान वाहतूक मंत्रालय आणि राज्य सरकारे यांचा तीत सहभाग होता. उड्डाणांचा मुख्य भार एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेस या तेव्हाच्या सरकारी विमान कंपन्यांनी उचलला. जून २०२० पासून खासगी कंपन्याही त्यात आल्या. ऑक्टोबर २०२० अखेर २० लाखांहून अधिक लोक परतल्याची सरकारी नोंद आहे.

या मोहिमेचे वर्णन बहुधा परतलेल्यांच्या संख्येने केले जाते. तथापि तिचे वेगळेपण संख्येपेक्षा पद्धतीत आहे. एरवी पैसे मोजले की मिळणारे विमानाचे तिकीट या काळात बाजारातून नाहीसे झाले. दूतावासाच्या यादीत नाव लागणे, त्या यादीत ते वर येणे, आपल्या राज्याकडे जाणारे विमान निघणे आणि त्या राज्याने ते स्वीकारणे, या चारही गोष्टी जुळून आल्यावरच घरी जाता येत असे.

पार्श्वभूमी

महासाथीच्या आरंभी परदेशांतून नागरिकांना आणणे ही अपवादात्मक बाब होती. चीनमधील वुहान शहरातून एअर इंडियाच्या दोन विमानांनी फेब्रुवारी २०२० च्या पहिल्या दोन दिवसांत ६४७ भारतीय आणि मालदीवचे ७ नागरिक दिल्लीला आणले. त्यांना मानेसर आणि छावला येथील शिबिरांत ठेवण्यात आले. जपानच्या योकोहामा बंदरात रोखून धरलेल्या 'डायमंड प्रिन्सेस' या पर्यटक जहाजावरून ११९ भारतीय २७ फेब्रुवारीस परतले. त्यांपैकी बहुतेक त्या जहाजाचे कर्मचारी होते. मार्चमध्ये इराणमधील यात्रेकरू व विद्यार्थी आणि इटलीतील मिलान व रोम येथील विद्यार्थी यांच्यासाठी विमाने पाठवण्यात आली. वुहानच्या प्रवाशांकडून भाडे घेण्यात आले नव्हते, ही गोष्ट पुढील घडामोडींच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून निर्बंध झपाट्याने वाढत गेले. बहुतेक सर्व व्हिसा १३ मार्चपासून स्थगित झाले. युरोपीय संघातील देश, ब्रिटन आणि तुर्कस्तान येथून भारताकडे निघणाऱ्या प्रवाशांना विमानात घेऊ नये, असा आदेश १८ मार्चपासून लागू झाला. फिलिपिन्स, मलेशिया आणि अफगाणिस्तानसाठी असाच आदेश १७ मार्च रोजी तत्काळ लागू करण्यात आला. त्या दिवशी फिलिपिन्समध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे अनेक भारतीय विद्यार्थी घरी येण्यास निघाले होते आणि विमान बदलण्यासाठी मलेशियातील क्वालालंपूर येथे उतरले होते. पुढचे विमान त्यांना घेईना आणि मागेही फिरता येईना. सरकारने विशेष परवानगी दिल्यावर त्यांना विशाखापट्टणम व दिल्ली येथे आणण्यात आले. एखादा आदेश किती तास आधी निघतो यावर कोण घरी पोहोचणार हे कसे ठरते, याचे हे पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल.

२२ मार्चपासून सर्व नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानांना भारतात उतरण्यास बंदी झाली. ती मुळात एका आठवड्यासाठी होती. प्रत्यक्षात नियमित वाहतूक पूर्ववत होण्यास दोन वर्षे लागली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि देशांतर्गत विमानेही थांबली.

भारताने आपल्या नागरिकाला देशात येण्यास कायद्याने मनाई केली, असे यात कोठेही नव्हते. आदेश विमान कंपन्यांना होते. नागरिकाचा हक्क कागदावर शाबूत होता. त्याला आणणारे वाहन मात्र बंद होते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिका, ब्रिटन, इराण आणि आखाती देशांतील भारतीयांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका आल्या, तेव्हा न्यायालयाने तातडीने आदेश देण्यास नकार दिला आणि तूर्त जो जेथे आहे त्याने तेथेच थांबावे, अशी भूमिका घेतली.

कोण अडकले होते

'अडकलेले भारतीय' या एका शब्दप्रयोगाखाली अगदी भिन्न परिस्थितीतील माणसे येत होती. सर्वांत मोठा गट आखाती देशांतील कामगारांचा होता. बांधकामे, हॉटेले व दुकाने बंद पडल्यावर त्यांचे काम गेले. कामाशी जोडलेला निवास परवाना आणि मालकाने दिलेली राहण्याची जागाही त्यामुळे धोक्यात आली. एकेका खोलीत अनेकांनी राहण्याची तेथील पद्धत संसर्गाच्या काळात घातक ठरली.

दुसरा गट मुलाबाळांना भेटण्यास गेलेल्या वडीलधाऱ्यांचा. अमेरिकेत अभ्यागताला एका खेपेस साधारणपणे सहा महिने राहण्याची मुभा मिळते. हिवाळ्यात गेलेल्या अनेक आईवडिलांची ही मुदत मे-जूनमध्ये संपत होती. मुदतवाढीसाठी शुल्क भरून अर्ज करावा लागे. भारतातून सोबत नेलेली रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे संपत आली होती. तेथे ती मिळवायची तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि त्यासाठी द्यावी लागणारी रक्कम भारताच्या मानाने कितीतरी अधिक. पुणे-मुंबईच्या मध्यमवर्गीय कुटुंबांना या मोहिमेचा परिचय प्रामुख्याने याच वाटेने झाला.

वसतिगृहे रिकामी करण्यास सांगितलेले विद्यार्थी, पर्यटक, थोड्या मुदतीच्या कामासाठी गेलेले कर्मचारी, गरोदर स्त्रिया आणि इराणच्या बंदरांत राहिलेले तामिळनाडू, केरळ व गुजरातमधील मच्छिमार असे आणखी अनेक गट होते. घरी कोणाचे निधन झाले असूनही येऊ न शकलेल्यांची तर वेगळी गणना होणेच अवघड आहे.

असा प्रसंग केवळ भारतीयांवर आला नव्हता. एक जर्मन प्रवासी व्हिएतनामहून तुर्कस्तानकडे जाताना १८ मार्च रोजी दिल्लीच्या विमानतळावर उतरला आणि पुढची विमाने बंद झाल्यामुळे १२ मेपर्यंत तेथील संक्रमण कक्षातच राहिला.

आसन मिळण्याची प्रक्रिया

एप्रिलच्या अखेरीस भारतीय दूतावासांनी आणि वाणिज्य दूतावासांनी परतू इच्छिणाऱ्यांची नोंदणी सुरू केली. संयुक्त अरब अमिरातींमध्ये काही दिवसांतच दीड लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. त्या देशासाठी पहिल्या आठवड्यात एकूण १० विमाने ठरली होती आणि त्यांपैकी प्रत्येकात दोनशेहूनही कमी आसने होती. मागणी व पुरवठा यांतील ही दरी पाहिली म्हणजे पुढच्या तक्रारींचे मूळ कळते.

गृह मंत्रालयाने ५ मे रोजी कार्यपद्धती जाहीर केली. तिच्यानुसार निकडीच्या प्रकरणांना अग्रक्रम द्यावयाचा होता. काम गेलेले स्थलांतरित कामगार, व्हिसाची मुदत संपलेले लोक, तातडीच्या वैद्यकीय उपचारांची गरज असलेले रुग्ण, गरोदर स्त्रिया, वृद्ध, कुटुंबात मृत्यू झाल्यामुळे परतणे आवश्यक असलेले आणि विद्यार्थी यांचा त्यात समावेश होता. यादी वाजवी होती यात शंका नाही. अडचण अशी की, जवळजवळ प्रत्येक अर्जदार त्यातील कोणत्या ना कोणत्या वर्गात बसत होता. अग्रक्रमाच्या आत पुन्हा अग्रक्रम लावण्याचे काम दूतावासातील मोजक्या अधिकाऱ्यांवर येऊन पडले आणि त्याचे निकष अर्जदारास दिसत नव्हते.

नोंदणी म्हणजे आरक्षण नव्हे, हे अनेकांना उशिरा उमगले. अर्ज भरल्यावर दूतावासाकडून दूरध्वनी अथवा ईमेल येण्याची वाट पाहावी लागे. निरोप आला की अल्पावधीत विमान कंपनीकडे पैसे भरून तिकीट घ्यायचे आणि स्वतःच्या सोयीने विमानतळ गाठायचे, असा क्रम होता. निरोप हुकला तर आसन पुढच्या नावाकडे जाई. अमेरिकेसारख्या विस्तीर्ण देशात विमान न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को अशा मोजक्या ठिकाणांहूनच निघत असल्यामुळे तेथवर पोहोचण्यासाठी आणखी एक प्रवास करावा लागत असे. आपले नाव यादीत कितव्या क्रमांकावर आहे हे कळण्याची सोय नव्हती. त्यामुळे लोक एकच अर्ज अनेकदा भरत आणि यादी आणखीच फुगत असे.

विमानात बसण्यापूर्वी तापमान तपासले जाई आणि लक्षणे नसलेल्यांनाच प्रवेश मिळे. प्रवास स्वतःच्या जोखमीवर करीत असल्याचे आणि उतरल्यावर १४ दिवस अलगीकरणात राहण्याचे हमीपत्र प्रत्येकास द्यावे लागे. प्रवाशांची विमानवार यादी संबंधित राज्याकडे आधीच पाठवली जाई. तीत नाव, वय, दूरध्वनी क्रमांक आणि अंतिम मुक्कामाचे ठिकाण अशी माहिती असे.

येथे एका शब्दाविषयी खुलासा आवश्यक आहे. शासकीय मराठीत बाधिताला इतरांपासून वेगळे ठेवणे म्हणजे 'विलगीकरण' आणि संसर्गाची शक्यता असलेल्या निरोगी माणसाला ठरावीक काळ वेगळे ठेवणे म्हणजे 'अलगीकरण' असा भेद आहे. वृत्तपत्रांनी आणि बोलण्यात लोकांनी दोन्हींसाठी सरसकट 'विलगीकरण' किंवा 'क्वारंटाइन' वापरले. परतलेल्या प्रवाशाच्या वाट्याला येई ते अलगीकरण.

जूनच्या आरंभी, तिसऱ्या टप्प्यापासून, अमेरिका, कॅनडा व युरोप येथील प्रवाशांना एअर इंडियाच्या संकेतस्थळावर थेट तिकीट घेता येऊ लागले. त्यामुळे दूतावासाची मध्यस्थी संपली, पण नवी शर्यत सुरू झाली. विक्री उघडताच आसने संपत, संकेतस्थळ ताणाखाली अडखळे. तरुण मुले शेजारीपाजारी राहणाऱ्या वृद्धांसाठी रात्री जागून तिकिटे घेत. दूतावासाच्या यादीत निकड पाहिली जात होती. खुल्या विक्रीत हाताचा वेग आणि इंटरनेटची जोडणी पाहिली जाऊ लागली. यांपैकी कोणती पद्धत अधिक न्याय्य, याचे उत्तर अर्जदाराच्या वयावर अवलंबून होते, असे म्हटले तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाही. आखाती देशांत दूतावासाची यादी अधिक काळ कायम राहिली.

पहिला टप्पा

७ मे २०२० रोजी रात्री अबू धाबीहून कोची येथे आणि दुबईहून कोळिकोड येथे अशी पहिली दोन विमाने उतरली. पहिल्या आठवड्याच्या वेळापत्रकात १२ देशांतून ६४ उड्डाणे आणि सुमारे १४,८०० प्रवासी होते. संयुक्त अरब अमिरातींतून १०, अमेरिका, ब्रिटन, मलेशिया व बांगलादेश येथून प्रत्येकी ७, सौदी अरेबिया, कुवेत, सिंगापूर व फिलिपिन्स येथून प्रत्येकी ५ आणि कतार, बहारीन व ओमान येथून प्रत्येकी २ उड्डाणे ठरली होती. राज्यांमध्ये केरळच्या वाट्याला सर्वाधिक १५, दिल्ली व तामिळनाडूला प्रत्येकी ११, महाराष्ट्र व तेलंगणाला प्रत्येकी ७ विमाने आली. बांगलादेशातून श्रीनगरला गेलेल्या विमानांत प्रामुख्याने तेथे वैद्यकीय शिक्षण घेणारे काश्मिरी विद्यार्थी होते.

भाड्याचा प्रश्न

प्रवासाचा खर्च प्रवाशानेच करावा, हे आरंभापासून स्पष्ट करण्यात आले होते. तत्कालीन नागरी विमान वाहतूक मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी जाहीर केलेल्या दरांनुसार लंडनहून भारतात येण्यास ५०,००० रुपये, अमेरिकेहून १ लाख रुपये आणि ढाक्याहून दिल्लीस १२,००० रुपये पडत. आखाती देशांतून केरळला येण्याचे भाडे सुमारे १५,००० रुपयांच्या आसपास होते. अलगीकरणासाठी हॉटेल घेतल्यास त्याचा खर्च वेगळा.

सरकारचा युक्तिवाद असा की, विमाने जाताना जवळजवळ रिकामी जात, त्यामुळे भाड्यात दोन्ही फेऱ्यांचा खर्च येणे अपरिहार्य होते. टीकाकारांचे म्हणणे असे की, संकटातील नागरिकाला परत आणणे हे राज्याचे कर्तव्य असून २०१५ मध्ये येमेनमधून 'ऑपरेशन राहत'द्वारे आणलेल्यांकडून किंवा वुहानहून आलेल्यांकडून भाडे घेतले गेले नव्हते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. लाखोंच्या संख्येतील प्रवासाची तुलना काही हजारांच्या सुटकेशी सरळ करता येत नाही. मात्र काही महिने पगार न मिळालेल्या कामगाराला लंडनच्या पर्यटकाच्याच रांगेत उभे करणे हेही समर्थनीय नव्हते.

यावर उपाय म्हणून भारतीय दूतावासांकडील भारतीय समुदाय कल्याण निधीचा काही प्रमाणात वापर झाला. २००९ मध्ये स्थापन झालेला हा निधी दूतावासातील सेवांवर आकारल्या जाणाऱ्या शुल्कातून उभा राहतो आणि परदेशांत संकटात सापडलेल्या भारतीयांसाठीच असतो. त्याहून अधिक भार प्रत्यक्षात समाजसंस्थांनी उचलला. आखातातील केरळीय संघटनांनी संपूर्ण विमाने भाड्याने घेऊन कामगारांना पाठवले. दुबईतील मराठी उद्योजक धनंजय दातार यांनी अनेक गरजू भारतीयांच्या तिकिटांचा खर्च केला.

महासाथीपूर्वी घेतलेल्या आणि रद्द झालेल्या तिकिटांच्या पैशांचा वाद वेगळा होता. अनेकांनी परतीचे तिकीट आधीच काढलेले होते. त्याचे पैसे अडकून पडले असतानाच त्यांना नवे तिकीट घ्यावे लागले. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाळेबंदीत रद्द झालेल्या तिकिटांच्या परताव्याविषयी निर्णय दिला. आर्थिक अडचणीमुळे तत्काळ परतावा देऊ न शकणाऱ्या कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल अशी जमा नोंद प्रवाशांच्या नावे ठेवण्याची मुभा त्यात होती.

मधले आसन

विमानातील मधले आसन रिकामे ठेवावे की नाही, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २३ मार्चच्या परिपत्रकात प्रवाशांमध्ये एक आसन मोकळे सोडण्यास सांगितले असूनही या मोहिमेतील विमाने भरून आणली जातात, अशी तक्रार एअर इंडियाच्याच एका वैमानिकाने केली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २५ मे रोजी, रमजान ईदच्या सुट्टीच्या दिवशी सुनावणी घेऊन न्यायालयाने ६ जूनपर्यंत मधली आसने भरण्यास परवानगी दिली, कारण तिकिटे आधीच दिली गेली होती. मात्र कंपन्यांच्या नफ्यापेक्षा लोकांच्या आरोग्याची चिंता अधिक करावी, असेही सुनावले. पुढे महासंचालनालयाने शक्यतो आसन मोकळे ठेवावे, न जमल्यास मधल्या प्रवाशाला अंगभर पांघरण्याचा झगा द्यावा, असे सुचवले. १५ जून रोजी उच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीचे मत ग्राह्य धरून मधल्या आसनास अनुमती दिली.

पारपत्रांनी विभागलेली कुटुंबे

पहिल्या टप्प्यात केवळ भारतीय पारपत्रधारकांनाच विमानात घेतले जात होते. ओसीआय कार्डधारक, म्हणजे भारतीय वंशाचे परदेशी नागरिक, यांची व्हिसाविना प्रवासाची सवलत मार्चमध्येच स्थगित झाली होती. याचा अनपेक्षित फटका अमेरिकेत तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर राहणाऱ्या भारतीयांना बसला. नोकरी गेल्यावर त्यांना ठरावीक मुदतीत देश सोडणे भाग होते. पण अमेरिकेत जन्मल्यामुळे त्यांची लहान मुले अमेरिकी नागरिक होती. आईवडिलांना तिकीट मिळे आणि तान्ह्या मुलाला प्रवेश नाकारला जाई. काही कुटुंबे विमानतळावरून परत गेली. २२ मे रोजी गृह मंत्रालयाने नियम शिथिल केले. भारतीय नागरिकांची अल्पवयीन मुले, ज्यांचा पती किंवा पत्नी भारतीय नागरिक आहे असे कार्डधारक, कुटुंबातील मृत्यूसारख्या निकडीसाठी येणारे आणि ज्यांचे आईवडील भारतात राहणारे भारतीय नागरिक आहेत असे विद्यार्थी यांना येऊ देण्यात आले.

महाराष्ट्र आणि गोवा

मे २०२० मध्ये मुंबई हे देशातील सर्वाधिक बाधित शहर होते. तेथील विमानतळावर परदेशांतून विमाने उतरवणे म्हणजे आधीच ताणलेल्या आरोग्यव्यवस्थेवर आणखी भार टाकणे होते. १० मे रोजी पहाटे लंडनहून तीनशेहून अधिक प्रवासी घेऊन विमान मुंबईस आले. मुंबई महापालिकेने अलगीकरणासाठी हॉटेलांतील खोल्या निश्चित केल्या होत्या. राज्य शासनाच्या प्रसिद्धिपत्रकांत उतरलेल्या प्रवाशांची संख्या मुंबईचे रहिवासी, उर्वरित महाराष्ट्रातील रहिवासी आणि अन्य राज्यांतील प्रवासी अशा तीन भागांत दिली जाई. मुंबईकरांचे अलगीकरण शहरातच होई, तर इतरांना आपापल्या जिल्ह्यात पाठवून तेथे त्यांची व्यवस्था केली जाई.

मुंबईकडे थेट येणाऱ्या विमानांत जागा न मिळालेले मराठी प्रवासी दिल्ली किंवा हैदराबादकडे जाणारे विमान पाहू लागले. तथापि देशांतर्गत विमाने २५ मेपर्यंत बंद होती आणि सुरू झाल्यावरही मुंबईत दिवसाला २५ विमानेच उतरू दिली जात होती. शिवाय जेथे उतरायचे तेथेच अलगीकरणाचा काळ काढावा लागे. एखाद्या सातारकराला किंवा नाशिककराला परदेशातून भारतात पोहोचल्यावरही घर गाठण्यास दोन आठवडे लागत, ते यामुळे. २४ मे रोजीच्या केंद्रीय सूचनांनी संस्थेतील अलगीकरण सात दिवसांवर आणून उरलेले सात दिवस घरी काढण्यास अनुमती दिली. गरोदर स्त्रिया, गंभीर आजारी, कुटुंबात मृत्यू झालेले आणि दहा वर्षांखालील मुलांचे पालक यांना थेट घरी राहण्याची सवलत देण्यात आली.

गोव्याचा प्रश्न मुख्यतः दर्यावर्दींचा होता. पर्यटक जहाजांवर काम करणाऱ्या माणसाला गोव्यात 'तारवटी' म्हणतात आणि हा व्यवसाय तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मार्चमध्ये जगभरची पर्यटक जहाजे थांबली. प्रवासी उतरले, कर्मचारी मात्र जहाजांवरच राहिले. 'मॅरेला डिस्कव्हरी' हे जहाज मुंबईच्या समुद्रात येऊन उभे होते. त्यावर शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी होते. त्यांना किनारा दिसत होता, पण उतरण्याचा नियमच नव्हता. गृह मंत्रालयाने २१ एप्रिलला खलाशांच्या चढउतारीची कार्यपद्धती काढल्यानंतर ते उतरू शकले. मे महिन्यात इटलीतून खलाशांना घेऊन विशेष विमान दाबोळी येथे आले. खलाशांचा प्रश्न जगभर पुढेही रेंगाळला. २०२० च्या उत्तरार्धात सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकलेले असल्याचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता.

समुद्रमार्ग

विमानांच्या जोडीने भारतीय नौदलाने 'ऑपरेशन समुद्रसेतू' राबवले. आयएनएस जलाश्व ही युद्धनौका मालदीवमधील माले येथून ६९८ प्रवाशांना घेऊन १० मे रोजी कोचीस पोहोचली. जलाश्व, मगर, ऐरावत आणि शार्दूल या नौकांनी मालदीव, श्रीलंका व इराण येथून ८ जुलैपर्यंत ३,९९२ जणांना आणले.

कोळिकोड दुर्घटना

७ ऑगस्ट २०२० रोजी सायंकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान (उड्डाण क्रमांक १३४४) कोळिकोडच्या विमानतळावर मुसळधार पावसात उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. हा विमानतळ डोंगर कापून केलेल्या सपाटीवर आहे. विमानात १८४ प्रवासी व ६ कर्मचारी होते. त्यांपैकी दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. प्रवाशांत काम गमावून परतणारे कामगार आणि भेटीस गेलेली कुटुंबे होती. मुख्य वैमानिक दीपक वसंत साठे हे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे माजी छात्र आणि हवाई दलातील माजी अधिकारी होते. त्यांचे कुटुंब मूळ नागपूरचे. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात विमान धावपट्टीवर नियत जागेच्या बरेच पुढे टेकल्याचे आणि उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर न गेल्याचे नमूद करून कार्यपद्धतीचे पालन न होणे हे संभाव्य कारण ठरवले आहे. वंदे भारत अभियानातील ही एकमेव मोठी दुर्घटना होय. कोसळलेल्या विमानाकडे सर्वप्रथम धावून गेलेल्यांत परिसरातील रहिवासी होते. टाळेबंदी आणि संसर्गाचे भय असतानाही त्यांनी जखमींना मिळेल त्या वाहनाने रुग्णालयांत पोहोचवले.

अमेरिकेचा आक्षेप आणि 'एअर बबल'

जूनमध्ये अमेरिकेच्या वाहतूक विभागाने या मोहिमेवर आक्षेप घेतला. एअर इंडिया 'सुटका उड्डाणे' या नावाखाली सर्वसाधारण तिकीटविक्री करीत आहे आणि अमेरिकी कंपन्यांना मात्र भारतात येण्यास मज्जाव आहे, असे त्याचे म्हणणे होते. २२ जूनच्या आदेशाने एअर इंडियाच्या अशा उड्डाणांना पूर्वपरवानगी आवश्यक करण्यात आली. आक्षेप व्यापारी हितातून आला होता हे खरे; पण त्यामुळे एक वस्तुस्थिती उघड झाली. खुल्या विक्रीनंतर ही मोहीम सुटकेपेक्षा मर्यादित विमानसेवेसारखीच चालू लागली होती.

त्यातून जुलै २०२० मध्ये 'एअर बबल' ही व्यवस्था पुढे आली. दोन देशांनी परस्परांशी करार करून आपापल्या कंपन्यांना ठरावीक संख्येने विमाने चालवू द्यायची, असे तिचे स्वरूप होते. अमेरिका, फ्रान्स व जर्मनी यांच्यापासून आरंभ होऊन पुढे तीसहून अधिक देशांशी असे करार झाले. तिकिटे पुन्हा बाजारात आली, भाडे मागणीनुसार वरखाली होऊ लागले आणि दूतावासाची यादी हळूहळू मागे पडली. वंदे भारत अभियानाची उड्डाणे या काळातही चालू राहिली. त्यामुळे नंतरच्या सरकारी आकड्यांत दोन्ही व्यवस्थांतील प्रवासी एकत्र मोजलेले आढळतात. आकडे वाचताना हे लक्षात घेणे इष्ट आहे.

पूर्वीच्या मोहिमांशी तुलना

१९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केल्यानंतर एअर इंडियाने जॉर्डनमधील अम्मानहून ४८८ उड्डाणांनी एक लाखाहून अधिक भारतीयांना आणले होते. त्या मोहिमेशी २०२० च्या मोहिमेची तुलना वारंवार केली जाते. परंतु १९९० मध्ये माणसे युद्धापासून पळत होती आणि स्वदेश हा सुरक्षित आसरा होता. २०२० मध्ये परदेशातील घर, स्वदेशातील घर आणि त्यांना जोडणारे विमान या तिन्ही ठिकाणी धोका तोच होता. परतणाऱ्याकडे कुटुंब डोळ्यांत प्राण आणून पाहत असले, तरी गावाने आणि गृहनिर्माण संस्थेने त्याला संशयाने पाहिले, असे अनेक ठिकाणी घडले. केरळ शासनाने भाड्याच्या विमानांतून येणाऱ्यांना संसर्ग नसल्याचे प्रमाणपत्र जूनमध्ये सक्तीचे केले होते. काही आखाती देशांत अशी चाचणी सहज होत नसल्याने ती अट मागे घेऊन संरक्षक पोशाखाचा पर्याय द्यावा लागला.

स्वदेशी परतण्याचा हक्क

नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाराव्या अनुच्छेदानुसार कोणालाही स्वतःच्या देशात प्रवेश करण्याच्या हक्कापासून मनमानीने वंचित करता येत नाही. भारत १९७९ पासून या कराराचा पक्ष आहे. 'मनमानीने' या शब्दाची व्याप्ती किती, हा प्रश्न महासाथीत अनेक देशांपुढे आला. त्याचे सर्वांत तीव्र रूप भारताशीच संबंधित आहे, मात्र उलट्या दिशेने.

एप्रिल २०२१ मध्ये भारतात दुसरी लाट उसळली तेव्हा ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती आदी देशांनी भारतातून येणाऱ्यांवर निर्बंध घातले. ऑस्ट्रेलियाने त्याही पुढे जाऊन, आधीच्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्या कोणालाही, स्वतःच्या नागरिकांनाही, ३ मेपासून देशात येण्यास मनाई केली. आदेश मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा ६६,६०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड अशी तरतूद होती. त्या वेळी सुमारे ९,००० ऑस्ट्रेलियन भारतात होते. त्यांतील बहुसंख्य भारतीय वंशाचे असून अनेक जण आजारी किंवा मृत्युशय्येवरील आईवडिलांसाठी आले होते. या आदेशास दिलेले आव्हान तेथील संघीय न्यायालयाने १० मे रोजी फेटाळले. १५ मे रोजी मनाई संपली आणि दिल्लीहून पहिले विमान डार्विनला गेले. त्यात सुमारे दीडशे जणांना जागा मिळाली होती, पण चाचणीत बाधित आढळलेले आणि त्यांच्या संपर्कात आलेले वगळून निम्मेच जाऊ शकले.

समाप्ती

डिसेंबर २०२० मध्ये विषाणूचा नवा प्रकार आढळल्यामुळे ब्रिटनची विमाने सुमारे दोन आठवडे पुन्हा थांबवण्यात आली होती. त्यानंतरही निर्बंध कमीअधिक होत राहिले. नियमित आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक २७ मार्च २०२२ रोजी सुरू झाली आणि त्याच दिवशी एअर बबलचे करार संपुष्टात आले.